लिंबू कोण धरणार

थंडी पडायला लागली की मंडईत लिंबं घेताना माझा हात उगाच रेंगाळतो. एक लिंबू उचलायचं, तळहातावर ठेवायचं आणि बोटं न मिटता थोडा वेळ तसंच धरून बघायचं. भाजीवाली वैतागते. "घ्या की आता, रस हाय सगळ्यात," म्हणते. तिला काय सांगणार, की मी रस बघत नाही, लिंबाची रुंदी बघते. पैसे देऊन गुमान पुढे होते.

यंदा थंडी उशिरा आली, पण आली. उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून रस्त्यानं डुलत जायला लागल्या. संध्याकाळच्या वाऱ्याला मळीचा तो गोडूस, जड वास यायला लागला. आणि परवा कपडे काढायला गच्चीवर गेले तर नदीच्या बाजूनं हलगी ऐकू आली. पहिले काही ठोके चाचपडत, मग सलग. खालचा मजला उघडा असता तर अक्कांनी अंगणातून हाक दिली असती, "म्याडम, तुजं बोलावणं आलं बघ." अक्का म्हणजे माझ्या घरमालकीण. पण खालच्या मजल्याला कुलूप आहे. मी कपड्यांच्या घड्या गच्चीवरच घातल्या आणि हलगी थांबेपर्यंत खाली उतरले नाही.

ही हलगी मी पहिल्यांदा ऐकली तो हिवाळा आई गेल्यानंतरचा पहिला होता. मी मूळची वाईची. सांगलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं काम करते, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. लग्न जमलं नाही, आणि नंतर जमवायचं राहून गेलं. त्याची कथा लांब नाही. शनिवारी दुपारी लॅब सुटली की स्टँड गाठायचा, साताऱ्याला गाडी बदलायची, संध्याकाळी वाईत आईच्या हातचा चहा. रविवारी परत. अनेक वर्षं माझा आठवडा असा एका खुंटीला टांगलेला होता. आई गेली. पुण्याच्या भावानं वाईची भाड्याची जागा सोडून दिली, भांडी नातेवाइकांत वाटली, आणि भेटेल तो मला म्हणायला लागला, "आता तू मोकळी झालीस." मोकळं होणं म्हणजे काय ते मला शनिवारी दुपारी कळायचं. घड्याळ बघावं तर अडीच. भांडी घासून, जिना पुसून, मोसंबं सोलून खाऊन पुन्हा बघावं तर तीन.

एका शनिवारी पाय सवयीनं स्टँडकडे वळले. साताऱ्याची गाडी लागलेली होती. कंडक्टर तोंडओळखीचा. "या मॅडम, खिडकीची जागा हाय," म्हणाला.

"आज जायचं नाही," मी म्हटलं.

"मग कुणाला सोडायला आलाय व्हय?"

मी मान हलवली, म्हणजे हो की नाही ते त्यालाही कळलं नसेल, आणि तिथून निघाले. घरी जायची घाई नव्हती म्हणून नदीकाठानं वळसा घेतला. वाईला कृष्णा पायऱ्यांशी असते, खाली वाकलं की हाताला लागते. इथं ती लांब, खाली, रुंद. तिच्याकडे नुसतं बघत जायचं.

घाटाच्या अलीकडच्या मैदानातून तेव्हा पहिल्यांदा तो आवाज ऐकला. बांबूची काठी जोरात फिरते तेव्हा हवेत एक घूं उठतो. कुणी बोलत नव्हतं, सगळ्या मैदानात नुसता तो घूं आणि मध्येच काठीवर काठी पडल्याचा टक्क आवाज. मर्दानी खेळांचा वर्ग होता. शाळकरी मुली, कॉलेजची मुलं, दोन-तीन मोठी माणसं. शिकवणारे वस्ताद म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाचे गिरणीवाले. त्यांच्याकडून मी दर महिन्याला ज्वारी दळून आणायचे. मैदानातही त्यांच्या भुवयांवर पीठ होतं. माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, आज दळण न्हाई हां. गिरणी सातला." मी म्हटलं, "दळण नाही आणलं." मग काय आणलंय, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मला जमेल का हो हे?"

"जमंल का न्हाई ते काय आज कळतंय व्हय," ते म्हणाले आणि एक काठी माझ्याकडे सरकवली.

सेहेचाळिसाव्या वर्षी आपल्याला खांदे आहेत हे मला नव्यानं समजलं. पहिले दोन आठवडे मी केस विंचरताना हात डोक्यापर्यंत न नेता डोकं हाताकडे आणायचे. वर्गातली सगळी मुलं मला काकू म्हणत. माझी जोडी एका कॉलेजच्या मुलीशी लावली होती. ती फार अदबीनं मला मारायची. "काकू, सांभाळा हं, आता डावीकडून येतेय," म्हणायची आणि खरंच डावीकडून यायची, तरी मला लागायचंच. पायांचा पवित्रा धरला की हात विसरायचे, हात आठवले की पाय जिथल्या तिथं. वस्ताद लांबून ओरडायचे, "ताई, काठी इतकी आवळू नका, ती काय पळून जात न्हाई." लॅबमध्ये मनगटावरचे निळे डाग बघून एका पेशंटनं मला दबक्या आवाजात विचारलं, "घरी काही त्रास आहे का?" घरी त्रास द्यायला कुणी नाही, हे तिला कसं सांगायचं. मी म्हटलं, "मूठ मिटा. थोडी कळ लागेल."

तरी मी जात राहिले, आणि का जात राहिले ते मला आत्ता नीट सांगता येतं. जोडीदाराची काठी आपल्या काठीवर पडली की तो झणका बोटांतून, मनगटातून थेट कोपरापर्यंत येतो. दुसऱ्या माणसाचा जोर असतो तो. आई गेल्यापासून माझ्यापर्यंत असं कुणाचं काही पोहोचत नव्हतं. दिवसभर लोक माझ्यापुढे हात करतात, मी त्यांची शीर चाचपते, पट्टी बांधते, सुई घालते. पण ते हात कागद घेऊन आलेले असतात. कापूस दाबून धरा, एवढं झालं की ते बाही खाली करतात आणि जातात. संध्याकाळी घरी येऊन मी साबणानं हात धुवायचे तेव्हा असं वाटायचं, की एवढ्या हातांतला एकही आपल्याकडे आलेला नव्हता. मला याचं फार वाईट वाटायचं. नंतर जेवायचे.

अक्कांना माझ्या या शिक्षणाचा पत्ता आवाजावरून लागला. त्या मूळच्या जतच्या बाजूच्या. माहेर, सासर दोन्ही मेंढरांमागे फिरलेलं. नवऱ्यानं सांगलीत नोकरी करून हे दुमजली घर बांधलं आणि ते बांधून झाल्यावर फार दिवस राहिला नाही. मुलगा गावाकडे शेती आणि मेंढरं बघायचा. अक्का खाली एकट्या, मी वर एकटी, मध्ये एक स्लॅब. आमचं बोलणं मुख्यतः पाण्यावरून. नळ किती वाजता येतो, टाकी कुणी भरली, कुणाची बादली वाहून गेली. त्या मला म्याडम म्हणायच्या आणि अगं-तुगं करायच्या.

मी केरसुणीच्या दांड्यानं खोलीत पवित्र्याचा सराव करायला लागले, तेव्हा तिसऱ्या दिवशी खालून आवाज आला. "म्याडम, वर काय कांडायलीस गं?"

मी जिन्यात जाऊन सांगितलं, काठी शिकतेय. त्या वर बघत राहिल्या. "कुणाला मारायचं हाय?"

"कुणालाच नाही, अक्का."

"मग गच्चीवर कांड. माजा कंदील हलतोय." विजेचा दिवा असूनही अक्का त्याला कंदीलच म्हणायच्या. मी गच्चीवर सराव सुरू केला. पहिल्याच संध्याकाळी कपड्यांची दोरी तोडली आणि अक्कांचं लुगडं शेजारच्यांच्या पेरूवर गेलं. दुसऱ्या दिवशी दोरी भिंतीच्या बाजूला सरकवून बांधलेली दिसली. मध्ये ऐसपैस जागा झाली होती. मी खाली जाऊन आभार मानायला हवे होते. पण मी कुणाकडे काही मागत नाही आणि कुणी न मागता दिलं तर ते कसं घ्यायचं हेही मला येत नाही. मी नुसती त्या जागेत काठी फिरवत राहिले.

थंडी वाढली. पहाटे नदीवरून धुकं यायचं. मार्केट यार्डाकडे नव्या हळदीची पोती यायला सुरुवात झाली, आणि त्या रस्त्यानं चालत आलं की चपलांचे तळ पिवळे व्हायचे. माझ्या मनगटावरचे निळे डाग हिरवे, मग हळदीच्याच रंगाचे होऊन गेले. आणि एका रविवारी वस्तादांनी माझ्या हातात पट्टा दिला. लांब, लवचिक पातं आणि कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी मूठ. त्या मुठीत हात घातला की मनगट बंद होतं, जे काही करायचं ते खांद्यातून. पहिल्यांदा तो फिरवला तेव्हा मला त्याची भीती वाटली. पण सुईनं मला एक गोष्ट वर्षानुवर्षं शिकवलेली होती, की जिथं टोचायचं तिथंच बघायचं आणि श्वास सोडताना हात पुढे न्यायचा. ती इथं उपयोगी पडली. माठाच्या तोंडावर ठेवलेलं लिंबू मी कापलं. मग केळीच्या बुंध्यावरचं. बुंध्याला ओरखडा न येता लिंबाच्या दोन वाट्या दोन बाजूंना पडल्या, तेव्हा माझी ती अदबशीर जोडीदारीण टाळ्या वाजवत म्हणाली, "काकू, आता माणसाच्या हातावरचं."

आमच्या मैदानाची एक रीत आहे. माघी पौर्णिमेला संध्याकाळी खेळ करून दाखवायचा. त्या वर्षी पट्टा हातात घेतलेल्या प्रत्येकानं त्या दिवशी तळहातावरचं लिंबू काढायचं, म्हणजे पट्ट्यानं कापायचं. पण लिंबू धरणारा माणूस ज्याचा त्यानं आणायचा. वर्गातला चालत नाही. वस्तादांच्या वस्तादांनी घातलेला नियम, आणि त्याला कुणी हात लावत नाही. मुली आईला आणतात, मुलं बापाला, लग्न झालेले बायकोला. बायको हात पुढे करते आणि डोळे मिटून घेते, त्यावर सगळं मैदान हसतं.

मी वस्तादांना विचारलं, "सख्खंच माणूस लागतं का?"

"रक्ताचं पायजे असं न्हाई," ते म्हणाले. "ज्याला इजा झाली तर तुमच्या पोटात गोळा यील, असं माणूस आणा. मंग हात सांभाळून पडतो. परक्याच्या हातावर मी पट्टा उचलू देत न्हाई."

तो एक आठवडा मी पोटात गोळा येणारं माणूस शोधत होते. भावाला फोन केला. तो हसला, मनापासून हसला, त्यात वाईट काही नव्हतं. "अगं काय हे नवीन? शनिवारी यायचं म्हणजे मुलाची क्लासची टेस्ट, आणि हिला तर सुरी बघून चक्कर येते. व्हिडिओ पाठव हं." लॅबमधल्या दोघी जणींची नावं मनात घोळवली. त्या आल्याही असत्या, पण त्यांच्यासाठी माझ्या पोटात गोळा आला असता का? खोटं कशाला बोलू. रात्री अंथरुणावर पडून मी माझ्या आयुष्यातली माणसं मोजत नव्हते, फक्त आठवत होते, आणि आठवायला फार वेळ लागत नव्हता. आई असती तर लुगड्याला हात पुसून पुढे आली असती. म्हणाली असती, काप बाई एकदाचं, मला कणीक मळायचीय.

अक्कांचं नाव मनात आलं नाही असं नाही. आलं. एका सकाळी मी तेवढ्यासाठी खाली गेलेही. त्या अंगणात बाजरी पाखडत होत्या. "काय गं?" त्यांनी विचारलं. सुपातून भुसा माझ्या पायांवर येत होता. मी म्हटलं, "टाकी भरली का विचारायला आले." "भरली की," त्या म्हणाल्या. घरमालकिणीला जाऊन काय म्हणायचं? अक्का, हात पुढे करा, मी त्यावर पातं चालवणार आहे? आणि त्या नाही म्हणाल्या असत्या तर पुढचे सगळे दिवस मी त्यांच्याच डोक्यावर राहणार होते. मी वर आले.

पौर्णिमेला मी मैदानावर गेले. पिशवीत लिंबू होतं, ते का घेतलं होतं कोण जाणे. हलगी कडाडत होती, दिवे लावले होते, पट्ट्यांना हार घातले होते. एकेक नाव पुकारलं जायचं, एकेक आई पदर खोचून पुढे यायची. कॉलेजच्या मुलीची आई धिप्पाड होती. तिनं लिंबू घेतलं, हात ताणला आणि लेकीकडे अशी रोखून बघत राहिली, की चुकलीस तर घरी ये मग सांगते. लिंबू दोन तुकडे होऊन पडलं. मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मी वस्तादांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "माझं नाव नका घेऊ. कुणी आलं नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली. नियम मोडतो असं म्हणाले नाहीत, त्याबद्दल त्यांचा मला रागही आला आणि बरंही वाटलं. मी काठीच्या जोड्यांत माझा वाटा खेळले, सलामी दिली आणि चपला शोधून निघाले.

घरी आले तर अक्का पायरीवर बसल्या होत्या. अंगाला घोंगडी गुंडाळलेली. "झाला खेळ?"

"झाला."

"मंग तोंड का असं उतरलंय?"

दुसऱ्या कुठल्या दिवशी मी काहीतरी सांगून वर गेले असते. पण त्या संध्याकाळी पायच चालेनात. मी पायरीवर टेकले आणि सांगितलं. लिंबाचं, रितीचं, प्रत्येकाच्या माणसाचं. "मला धरायला कुणी नव्हतं," एवढं म्हणताना माझा आवाज फुटला, आणि मला त्याची लाज वाटली.

अक्का म्हणाल्या, "मला का न्हाई इचारलंस?"

"तुम्हाला कसं विचारू? हात कापला असता म्हणजे?"

"ह्यो हात?" त्यांनी घोंगडीतून हात काढून माझ्यापुढे धरला. खरबरीत, रुंद, अंगठ्याजवळ जुना व्रण. "कातरताना मेंढरानं झटका दिला, कातर हितनं घुसली. ह्या हाताला काय भ्या घालतीस. चार वर्सं माज्या डोस्क्यावर नाचायलीस, आन इचारायला त्वांड न्हाई तुला. मी काय परकी हाय?"

त्यांनी पिशवीतलं लिंबू मागून घेतलं, आत नेऊन विळीवर चिरलं आणि भर थंडीत दोन पेले सरबत करून आणलं. "घे. निघालं लिंबू," म्हणाल्या. आम्ही कुडकुडत ते प्यायलो. पेला हातात घेऊन त्या म्हणाल्या, "फुडल्या साली सांग. मी हाय."

पुढच्या साली त्या नव्हत्या. पावसाळ्यात नदीचं पाणी गल्लीच्या तोंडापर्यंत आलं, अंगणात ओल चढली, अक्कांचे गुडघे धरले. मुलगा जीप घेऊन आला आणि त्यांना गावाला घेऊन गेला. जाताना त्या जिन्याखाली उभ्या राहून टाकीच्या व्हॉल्व्हबद्दल सूचना देत होत्या आणि मी वरून हो हो म्हणत होते. खाली उतरून त्यांचा हात धरावा असं वाटत होतं, तेवढ्यात जीप सुरू झाली. त्यानंतर घरात पाण्याचा आवाज फक्त माझा. गच्चीवर काठी कितीही आपटली तरी खालून कुणी विचारत नाही. त्या हिवाळ्यात वस्तादांना मी सांगितलं, खांदा दुखतोय. खांदा ठणठणीत होता.

परवा हलगी ऐकली आणि काल दळण घेऊन गिरणीत गेले. वस्तादांनी डब्याचं झाकण लावता लावता विचारलं, "ताई, यंदा तरी लिंबू काढायचं का?" मी म्हटलं, "बघते." घरी आले. पिठाचा डबा ओट्यावर तसाच ठेवला आणि अक्कांना फोन लावला. त्या गावाला गेल्यापासून एक-दोनदाच बोललो होतो, तेही व्हॉल्व्हबद्दल.

रिंग वाजली, वाजून बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. अक्का फोन कमरेला खोचून असतात, दोन रिंगांत उचलतात. आता का उचलत नाहीत? पडल्या असतील का? दवाखान्यात नेलं असेल का? नेलं असेल तर मला कोण सांगणार, मी कोण त्यांची? मी ओट्याला धरून उभी राहिले. पोटात गोळा आला होता. तिसऱ्यांदा लावला.

"कोन हाय?" अक्का ओरडल्या. मागे बायकांचा कलकलाट, घागरींचे आवाज.

"अक्का, मी. सांगलीहून. किती वेळ लावतेय, कुठं होता?"

"आगं, टँकर आलाय हितं. पाणी भरू का फोन घिऊ? का गं, पाईप फुटला का?"

"पाईप नाही फुटला." वाटलं, तब्येत विचारावी आणि ठेवून द्यावा. "अक्का, माघी पौर्णिमेला येता का? लिंबू धरायला."

पलीकडे घागरी तशाच वाजत राहिल्या. कुणीतरी अक्कांना पुढं सरका म्हणत होतं. अक्का त्या बाईला म्हणाल्या, "थांब गं, सांगलीवरनं फोन हाय, माज्या घरनं." मग मला म्हणाल्या, "लय दिस लावलास. सकाळच्या गाडीनं येते. लिंबू तेवढं मोठं बघून आण."